ताई, तुम्हीच ना?

सर्वप्रथम एक कबुली. मासिकाच्या मराठी विभागात लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ. गेली दोन वर्षं मी इंग्रजी विभागात लिहीत होते. पहिल्या वर्षी पावसावर कविता आणि दुसऱ्या वर्षी वेळेच्या नियोजनावर लेख. (दोन्ही कोणी वाचलं नाही. माझ्या रूममेटनेसुद्धा नाही, आणि ती तर संपादक मंडळात होती!) मी पडले कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोललं की पाच रुपये दंड असायचा. त्यामुळे माझं मराठी म्हणजे घरातलं, आजीशी बोलायचं. लिहिण्याचं मराठी दहावीच्या पेपराबरोबर संपलं ते संपलंच. या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ एका ज्युनिअरने तपासून दिले आहेत. ती कोण हे पुढे येईलच, कारण हा लेख खरं तर तिच्यामुळेच लिहिला आहे.

दुसरी कबुली जास्त अवघड आहे. मी तृतीय वर्ष, संगणक शाखेची विद्यार्थिनी. या सत्रात आम्हाला सिक्युरिटीचा एक अख्खा विषय आहे. आणि याच सत्रात माझं व्हॉट्सॲप अकाउंट चोरीला गेलं. लोक म्हणतात 'हॅक झालं'. हॅक कसलं? मी स्वतः पाट मांडून, ताट वाढून चोराला जेवायला बसवलं!

झालं असं. त्या दिवशी आमची सिक्युरिटीची ओरल होती. सकाळी साडेदहाच्या सुमारास मी लॅबच्या बाहेर उभी राहून आर.एस.ए. पाठ करत होते. रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन, १९७७. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणं सोपं, पण त्या गुणाकाराचे अवयव पाडणं महाकठीण. एवढ्यात फायनल इयरच्या एका दादाचा मेसेज आला. मजकूर इंग्रजीत, 'हाय, चुकून माझा सहा आकडी कोड तुझ्या नंबरवर आलाय. प्लेसमेंटचा फॉर्म आहे, लवकर पाठवतेस का?'

दादा ओळखीचा. त्याच्या नोट्सवर मी दोन विषय पास झालेली. त्याचे प्लेसमेंटचे दिवस. त्याच क्षणी खरोखरच एक एसएमएस आला. त्यात सहा आकडे होते, आणि खाली स्पष्ट लिहिलं होतं की हा कोड कोणालाही देऊ नका. मी ते वाचलं का? वाचलं. म्हणजे डोळ्यांनी वाचलं. डोक्यात 'कोणी मदत मागितली तर नाही म्हणू नये' हे शाळेतल्या सिस्टरचं वाक्य जास्त पक्कं बसलेलं. मी सहा आकडे पाठवले आणि पुढे स्मायलीसुद्धा टाकली. मग फोन सायलेंट करून बॅगेत टाकला, बॅग बाहेर ठेवली आणि ओरलला आत गेले.

आत एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "शेकडो आकडी संख्येचे अवयव पाडायला चोराला किती वेळ लागेल?" मी फाडफाड उत्तर दिलं. सर खूश झाले. बाहेर तेव्हा चोराने कुठल्याही संख्येचे अवयव न पाडता माझ्या नावाचा दरवाजा उघडलेला होता. सहा आकडी कोडचे पर्याय दहा लाख. त्यातला एकही त्याला शोधावा लागला नाही. त्याने फक्त मागितला.

दीड वाजता बाहेर येऊन बघते तर एकोणीस मिस्ड कॉल! त्यातले अकरा वाईहून, आजीचे. व्हॉट्सॲप उघडलं तर मी लॉगआउट. हा नंबर दुसऱ्या फोनवर सुरू झाला आहे, अशी सूचना. पोटात गोळा आला. आजीला फोन लावला.

"अगं ए, कोण मेला हा तुझ्या नावानं इंग्रजीत भीक मागतोय?" आजीने सरळ मुद्द्यालाच हात घातला. "मला 'डिअर' म्हणतोय! आठ हजार पाठव म्हणतोय!"

"मग तू काय केलंस?"

"मी माइक दाबून विचारलं, काय गं, जेवलीस का? तर म्हणतो, ऑडिओ नॉट वर्किंग. मग मी तुझ्या साध्या फोनवर कॉल लावला, तर तू उचलेनास. मेल्याला जेवलीस का एवढं कळत नाही, तो माझी नात कसला!"

माझ्या सिक्युरिटीच्या पुस्तकाला 'ऑथेंटिकेशन' समजावून सांगायला चाळीस पानं लागतात. आजीने ते तीन शब्दांत केलं.

चोर आजीला 'डिअर' का म्हणाला, हे मला नंतर उमगलं. दुसऱ्याने आपल्या नंबरवर कोड टाकून अकाउंट उघडलं की त्याला आपल्या जुन्या गप्पा दिसत नाहीत, कारण त्या आपल्या फोनमध्ये असतात. पण आपण ज्या ग्रुपमध्ये असतो ते ग्रुप त्याच्याकडे उघडतात, आणि ग्रुपमधल्या लोकांचे नंबरही. म्हणजे त्याच्या समोर होता आमचा फॅमिली ग्रुप, वर्गाचा ग्रुप आणि हॉस्टेलचा ग्रुप. कोण आजी, कोण सीआर आणि कोण रेक्टर मॅडम, हे त्याला काहीच ठाऊक नव्हतं. सगळ्यांना एकच मेसेज! (हो, रेक्टर मॅडमनाही 'डिअर'. तो विषय मॅडमनी मोठ्या मनाने सोडून दिला आहे.)

मी घाईघाईने पुन्हा माझा नंबर टाकला, एसएमएसने नवा कोड आला, तो भरला. तर ॲप म्हणतं, आता तुमचा पिन टाका. कसला पिन? मी तर कधी ठेवलाच नव्हता. चोराने ठेवला होता! पिन माहीत नसेल तर सात दिवस थांबा, असा नियम. त्यातल्या त्यात एक बरं, की मी एसएमएसचा कोड भरला त्याच क्षणी चोरही बाहेर फेकला गेला होता. म्हणजे सात दिवस घर कुलूपबंद, पण आत चोर नाही.

पण पावणेतीन तास तो आत होता. त्या वेळात त्याने कोणाकोणाला काय लिहिलं हे मला दिसणं शक्यच नव्हतं. ते सगळं त्याच्या फोनवर. मग एकच उपाय उरला. मी हॉस्टेलचे तिन्ही मजले पालथे घातले. दार वाजवायचं आणि विचारायचं, "माझा मेसेज आला होता का? पैसे पाठवलेस का?"

बहुतेकींनी मनसोक्त हसून घेतलं. "अगं, तू आणि आठ हजार! तू तर वडापावचे वीस रुपये मागायला पण लाजतेस." एकीने तर चोराला उलट पाचशे रुपये मागितले होते. रूममेट म्हणाली, "मला संशय आला, पण भाषा तुझ्यासारखीच वाटत होती बघ. हाय, अर्जंट, प्लीज, थँक्स."

ते वाक्य मला लागलं. मी रोज ज्या भाषेत मेसेज करते ती इतकी कोणाचीही आहे, की एका अनोळखी माणसाला माझी नक्कल करायला काहीच कष्ट पडले नाहीत.

बाजूच्या खोलीला मात्र कुलूप होतं. त्या खोलीत आमची छोटी राहते. खरं नाव वेगळं, पण पूर्ण मजला तिला छोटीच म्हणतो. पहिल्या वर्षाला आहे, माण तालुक्यातली, बारावीपर्यंत मराठी माध्यम. आल्या आल्या इंग्रजीला घाबरून रडायची. मी तिची प्रेझेंटेशनं बसवून घेतली, दोन-चारदा प्रॅक्टिकलचं रायटअप समजावलं. वर कॉलर ताठ करून म्हटलंही होतं, "काहीही लागलं तर मला सांग."

ती संध्याकाळी वर्कशॉपवरून आली. फिटिंगचा जॉब घासून हात काळे झालेले. मला जिन्यातच गाठलं आणि हसून विचारलं, "ताई, झालं का काम तुमचं?"

मी जिन्यातच बसले.

तिने फोन दाखवला. माझ्या फोटोखाली, माझ्या नावाने, पाच हजार मागितलेले. (आठ हजाराला कोणी बधत नाही म्हणून त्याने भाव उतरवला असावा.) त्याखाली छोटीचं उत्तर: 'ताई, साडेचारच आहेत, चालतील का?' मग चोराचं 'ओके, सेंड फास्ट'. मग पुन्हा छोटी: 'ताई, नाव दुसरंच दिसतंय.' मग चोर: 'फ्रेंड्स अकाउंट'. आणि शेवटी यूपीआयची पावती. रुपये ४,५००. वेळ १२ वाजून १० मिनिटं.

तो तिचा मेसचा हप्ता होता. डाळिंबाचे पैसे आले म्हणून वडिलांनी आदल्याच दिवशी पाठवलेला.

"मला वाटलं, ताई कधी काही मागत नाहीत," छोटी म्हणाली. "म्हणजे खरंच नड असणार."

वाचकहो, ओरलमध्ये नापास झाले असते तर परवडलं असतं.

रडायला वेळ नव्हता. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी हेल्पलाइन नंबर. तो लेक्चरमध्ये मी वहीत लिहून घेतला होता, परीक्षेत येईल म्हणून. छोटीच्या पलंगावर बसून आम्ही तो लावला. तक्रार तिने करायची होती, कारण पैसे तिचे. त्यांनी व्यवहाराचा बारा आकडी नंबर विचारला, वेळ विचारली, बँक विचारली. जितक्या लवकर कळवाल तितकं बरं, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतात, आणि ज्या खात्यात सापडतील तिथे बँकेला ते अडवून ठेवता येतात. आम्ही सहा तास उशिरा पोचलो होतो. काही दिवसांनी कळलं की १,३०० रुपये एका खात्यात अडकवले आहेत, बाकीचे पुढे गेले. ते १,३०० सुद्धा हे लिहीपर्यंत हातात आलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी रेक्टर मॅडमबरोबर पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार काका शांतपणे लिहून घेत होते. "शिक्षण?" मी म्हटलं, "कॉम्प्युटर इंजिनिअरिंग." त्यांचं पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आणि कोड तुम्हीच पाठवला?" मी मान खाली घातली. काका चांगले होते. म्हणाले, "लाजू नका हो. लाजेपायी लोक येतच नाहीत, आणि चोराचं तेवढंच फावतं." त्यांच्याकडूनच कळलं की दुसऱ्याची ओळख चोरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधल्या ६६ सी कलमाखाली गुन्हा आहे, आणि दुसरा कोणी असल्याचं भासवून संगणकाच्या साधनाने फसवणं हा ६६ डी खाली. दोन्हीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. हे दोन्ही आम्हाला अभ्यासक्रमात आहेत. पण पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून ऐकलं की जन्मात विसरत नाही!

ज्या दादाच्या नावाने मला मेसेज आला होता त्याचंही अकाउंट आदल्या रात्री असंच गेलेलं. त्याला त्याच्या मित्राच्या नावाने मेसेज आला होता. दादा कँटीनमध्ये भेटला, सॉरी म्हणाला. मी जरा फणकाऱ्यानेच बोलले, "रात्रीच सगळ्यांना सांगायचं ना!" तो म्हणाला, "हसतील म्हणून सकाळपर्यंत थांबलो." खोलीवर आल्यावर लक्षात आलं, की मी दादावर जेवढी चिडले तेवढं चिडायचा हक्क छोटीला माझ्यावर आहे. ती मात्र एका शब्दाने बोलली नव्हती.

सिक्युरिटीच्या पुस्तकात शेवटच्या युनिटमध्ये 'सोशल इंजिनिअरिंग' नावाचा एक तुकडा आहे. दोन मार्कांचा, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऑप्शनला टाकलेला. केविन मिटनिक हा अमेरिकेतला गाजलेला हॅकर, १९९५ साली एफबीआयने त्याला पकडलं. सुटून आल्यावर त्याने २००२ मध्ये 'द आर्ट ऑफ डिसेप्शन' हे पुस्तक लिहिलं. त्याचा सारा भर एकाच गोष्टीवर, की यंत्रणेतला सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे माणूस. हे वाचून मला आधी पटलं, मग राग आला. कच्चा दुवा म्हणजे कोण? छोटी? तिचं चुकलं काय, तर ताईला नड आहे असं कळल्यावर होते तेवढे दिले. याला जर कच्चेपणा म्हणायचं असेल तर हॉस्टेलमध्ये आपण सगळे एकमेकांच्या कच्चेपणावरच जगतो. कोणाचा ड्राफ्टर, कोणाची इस्त्री, कोणाच्या घरचे लाडू. चोर नेमका तिथेच हात घालतो. सगळ्यांनी एकमेकांवर विश्वास ठेवणं बंद करावं असा काही याचा अर्थ नाही. मी त्या कोडच्या एसएमएसमधली एक ओळ नीट वाचायला हवी होती आणि दादाला एक साधा फोन करायला हवा होता, एवढाच आहे.

पैशांचं काय करायचं? घरी सांगायची हिंमत नव्हती. इंडस्ट्रियल व्हिजिटसाठी साठवलेले ३,८०० होते, ७०० रूममेटने दिले (रोख, हातात, तोंड बघून), आणि मी परस्पर मेसच्या काकांकडे छोटीच्या नावाने हप्ता भरून टाकला. मला वाटलं, सुटले.

छोटी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वही घेऊन आली.

"ताई, तुम्ही मला न विचारता भरले."

"अगं, माझ्यामुळे गेले ना तुझे."

"तुमच्यामुळे कुठं? चोरामुळं. आणि नाव दुसरंच दिसत असताना मी पाठवले, ती माझी चूक. अर्धे तुमचे, अर्धे माझे. महिन्याला अडीचशे देईन. नऊ महिने."

मी नको नको म्हणणार होते. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून गप्प बसले. मी मोठी, मी शहरातली, मी इंग्रजीवाली, म्हणून मी द्यायचं आणि तिने घ्यायचं, असं आमचं नातं मी मनात ठरवून टाकलं होतं. तिने वहीत रेघ मारून ते मोडलं. मी २,२५० वर सही केली. आणि वर एक अट घातली की मला मराठी शुद्धलेखन शिकवायचं. ती म्हणाली, "त्याचे वेगळे पैसे पडतील."

मधले सात दिवस मजेचेच गेले म्हणायचे. मेसचा मेनू, बदललेलं लेक्चर, डिफॉल्टर लिस्ट, सगळं ग्रुपवर. मी आपली नोटीस बोर्डसमोर उभी! बोर्डावर गेल्या गॅदरिंगची नोटीस अजून होती. शेवटी रूममेट रात्री नऊ वाजता आकाशवाणीच्या थाटात मला बातम्या वाचून दाखवायची. आठव्या दिवशी अकाउंट परत मिळालं. पहिलं काम केलं ते म्हणजे टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन ठेवला. ही सोय २०१७ पासून आहे. मी तेव्हा शाळेत होते. आधीच ठेवला असता तर सहा आकडे देऊनही चोराला आत येता आलं नसतं. दोन मिनिटांचं काम, मी वर्षानुवर्षं टाळलेलं.

तर मैत्रिणींनो आणि मित्रांनो (आणि आदरणीय स्टाफ, आपणही), हे पान उलटण्याआधी एवढं करा. पिन ठेवा. 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये अनोळखी यंत्र जोडलेलं नाही ना, ते बघा. कोड कोणालाही देऊ नका, सख्ख्या भावालाही नाही. पैसे मागणारा मेसेज आला तर साधा फोन लावून आवाज ऐका. यूपीआयवर नाव वेगळं दिसलं तर तिथेच थांबा. आणि अकाउंट गेलंच, तर हसतील म्हणून थांबू नका, लगेच सगळ्यांना ओरडून सांगा. पैसे गेले असतील तर १९३०, ताबडतोब.

आजीने तर घरात नियमच केला आहे. पैशाची गोष्ट निघाली की आधी खुणेचा शब्द सांगायचा. आमचा शब्द काय आहे हे मी इथे छापणार नाही, एवढी अक्कल आता आली आहे.

जाता जाता परवाची गोष्ट सांगते. मिनी प्रोजेक्टच्या रिपोर्टचं बायंडिंग आणायचं होतं आणि खात्यात खडखडाट. मी खोलीतूनच छोटीला मेसेज केला. मराठीत, देवनागरीत, चांगला विचार करून. 'छोटी, तीनशे रुपये आहेत का? बायंडिंगवाल्याला द्यायचे आहेत. दूपारी परत देते.'

उत्तर आलं नाही. दोन मिनिटांनी दार वाजलं. दारात छोटी, डोक्याला टॉवेल, हातात फोन. तिने मला खालपासून वरपर्यंत एकदा नीट बघून घेतलं.

"ताई, तुम्हीच ना?"

"मीच गं."

"नाही, 'दुपारी'तला दु दीर्घ लिहिलात, तेव्हाच वाटलं तुम्हीच असणार. पण खात्री केलेली बरी."

आणि तिने तिथेच उभं राहून तीनशे रुपये पाठवले.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी